एम.कॉम.ची सावड

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये. माझाही बसला नसता, पण मी स्वतः त्या जीपच्या टपावर होतो, आणि टपावर बसलेल्या माणसाला जगातलं सगळं दिसतं, फक्त पुढचा खड्डा दिसत नाही. ही आपली जव्हारची जीप भरायला अजून चार-सहा माणसं कमी आहेत, ड्रायव्हर तंबाखू मळत बसलाय. तेवढ्यात होतं माझं सांगून.

इथे मोखाड्यात, एका सरकारी कचेरीत, जिवा नावाचा वरिष्ठ लिपिक आहे. मोखाड्यात त्याला भाऊसाहेब म्हणतात आणि पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला त्याचा मूळ पाडा आहे तिथे जिव्या म्हणतात. त्यामुळे तो मोखाड्यातच जास्त राहतो. कचेरीत खरेदीचं टेबल त्याच्याकडे. त्या टेबलावरून खुर्च्या आल्या, कपाटं आली, पण तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा आत आली नाही. त्यातलं एक घ्यायचं असतं आणि दोन नामंजूर करायची असतात. पण लागतात तीन. लग्नात नवरी एकच असली तरी करवल्या लागतात, तसं. खुद्द स्वतःच्या लग्नाच्या वेळी पुष्पा पसंत पडल्यावरही जिवा आणखी दोन मुली बघून आला होता म्हणतात. पुष्पा ते अजून विसरलेली नाही, आणि भाजीत मीठ कमी-जास्त होतं ते उगाच नव्हे.

तर ह्या जिवाची मुलगी रंजना बी.कॉम. झाली. तिला अकाउंटंट व्हायचं होतं, आणि त्यासाठी पुढे काय शिकायचं हेही तिला ठाऊक होतं. घरात असं माहीतगार माणूस असलं की सल्ला देणाऱ्यांची फार पंचाईत होते. तिने बापाला सरळ सांगितलं: एम.कॉम. करायचं, अकाउंटन्सी घेऊन, जव्हारच्या बाजूला कॉलेज आहे तिथे. एसटीने जाईन-येईन. अर्ज ऑनलाइन भरायचा, शुक्रवारी संध्याकाळी तो बंद होतो.

जिवाने चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "बाकीची दोन कुठायत?"

रंजनाने समजावून बघितलं. म्हणाली, एमबीए म्हणून एक असतं, पण त्यात सगळा धंद्याचा कारभार शिकवतात, मला हिशेबच शिकायचाय. आणि सीए म्हणून एक असतं, पण ती मुळी डिग्रीच नव्हे, परीक्षा असते, शिवाय कोणातरी सीएच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. ते मी नंतर बघेन. जिवाचा चेहरा उजळला. तिसरं कोटेशन आयतंच मिळालं होतं. डिग्री नसली तर उत्तमच, नामंजूर करायला सोपी.

पोरीला एकच धास्ती होती. कोटेशनं गोळा करता करता शुक्रवार निघून जाईल आणि अख्खं वर्ष हातचं जाईल. बापाला ती ओळखून होती. कचेरीचा पंखा त्याने असाच मागवला होता, तो आला तेव्हा थंडी सुरू झाली होती.

आता अशा कामात गुपचूप राहावं की नाही? पण जिवाने शेजारच्या संदीप सरांना विचारलं. हे संदीप सर झेरॉक्सचं दुकान चालवतात. त्यांनी कधी कोणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नाही, पण दुकानात पुस्तकं झेरॉक्स होतात म्हणून सर. ते म्हणाले, एम.कॉम. म्हणजे वरण-भात, पोटाला बरा, पण पाहुण्याला वाढता येत नाही. एमबीए घ्या भाऊसाहेब, बिर्याणी आहे बिर्याणी. कचेरीतला एक सहकारी म्हणाला, सीए करा; सीए माणूस नुसती सही करतो आणि समोरचा घाम पुसतो. जिवाला दोन्ही पटलं. तिथून तो नामंजूर करायची कोटेशनं जरा प्रेमाने बघायला लागला, आणि रंजनाची जेवणावरची वासना उडाली.

रविवारी जिवा पाड्यावर गेला. आवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस. जिकडे तिकडे खाचरं भरलेली, माणसं पावसात पाठीवर इरली घेऊन वाकलेली. त्याची जमीन चुलत भाऊ फागू कसतो. जिवाच्या पायात बूट होते, म्हणून तो घरात गेला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. फागूने विचारलं, काय काम काढलंस? तर हा शहाणा मोठा सुस्कारा टाकून काय बोलून गेला म्हणता? "रंजीच्या पुढच्या डिगरीचं काम आहे रे. लई मोठं काम. एकट्यानं होण्यासारखं नाय."

झालं. संपलं.

त्या पाड्याची रीत अशी आहे की आवणीच्या दिवसांत उंबऱ्यात उभं राहून कोणी म्हणाला, काम मोठं आहे, एकट्यानं होत नाही, की ते सावडीचं बोलावणं झालं. मग कोणी 'का?' म्हणत नाही, 'कधी?' म्हणत नाही. घरटी माणूस जातं, आणि ज्याचं काम त्याने दुपारचं जेवण घालायचं. पुढे तेवढीच माणसं तेवढंच काम घेऊन तुमच्या दारात उभी राहिली, की तुम्हीही का आणि कधी म्हणायचं नाही. जिवाने लहानपणी हे शंभरदा पाहिलेलं. पण मोखाड्यात राहून तो विसरला होता की पाड्यावर सुस्कारासुद्धा जपून टाकावा लागतो.

सोमवारी सकाळी तो दात घासत दारात आला, तर समोर जीप. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर मी. फागू खाली उतरला आणि म्हणाला, "आमी सावडीला आलू. कुठं हाय डिगरी?"

जिवाच्या तोंडातला फेस तसाच राहिला. शेजारीपाजारी गॅलऱ्यांत आले. संदीप सरांनी दुकान उघडलं नव्हतं, ते उघडलं. पुष्पाने एकदा जीपकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं. पाड्यावरच्या माणसांसमोर तिने नवऱ्याचा अपमान कधीच केला नाही. तो ती नंतर सवडीने करते.

सावडीची म्होरकी होती गौराकाकी. वय विचारू नका, तिला स्वतःला माहीत नाही आणि विचारायची कोणाची छाती नाही. तिने अंगणात बसून सगळं ऐकून घेतलं. तीन खाचरं आहेत, त्यातलं एक पोरीला द्यायचं, एवढं तिला कळलं. रंजनाला तिने विचारलं, तुला कुठलं? रंजनाने सांगितलं. गौराकाकी म्हणाली, बरं. पण बांधावरून बघून खाचर कळतं काय? पाय घालून बघावा लागतो. जिवा पण मान हलवायला लागला, कारण त्याच्या कचेरीत ह्यालाच प्रत्यक्ष पाहणी म्हणतात. म्हणजे एकाच गोष्टीवर सरकार आणि पाडा यांचं एकमत झालं. ह्याच्या पुढे रंजना बिचारी काय बोलणार?

जीप जव्हारच्या अंगाला निघाली. रंजना आत, जिवा ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर फाइल.

कॉलेजच्या फाटकातून एवढी मंडळी एका रांगेत आत शिरली आणि व्हरांड्यासमोर मांडी घालून बसली. बसणार नाहीत तर काय करणार? खुर्च्या नव्हत्या. पण आपल्याकडे पाड्यावरची माणसं कुठल्याही इमारतीसमोर अशी बसली की त्याचा अर्थ एकच होतो. शिपायाने आत धाव घेतली, मोर्चा आला म्हणाला. दोन प्राध्यापक मागच्या दाराने तास घ्यायला गेले. एरवी ते कधी जात नाहीत असं नव्हे, पण इतक्या वेगाने जात नाहीत. कोणीतरी फोन केला. पाऊण तासात एक पोलीस शिपाई येऊन पिंपळाखाली उभा राहिला आणि घोषणा कधी सुरू होतायत याची वाट बघू लागला. घोषणा होईनात तसा तो फारच घाबरला. शांत मोर्चा सगळ्यात वाईट.

शेवटी प्राचार्य बाहेर आले. भला माणूस. हात जोडून म्हणाले, आपल्या काय मागण्या असतील त्या शांतपणे मांडा.

फागू उभा राहिला. "आमाला एम.कॉम. बघायचाय."

प्राचार्यांनी आजवर पुष्कळ निवेदनं घेतली होती. रस्त्याची, वसतिगृहाची, पाण्याची. ही मागणी त्यांना नवीन होती. पण मोर्चासमोर नाही म्हणायचं नसतं, म्हणून त्यांनी कुलूप काढायला लावून एम.कॉम. दाखवलं. म्हणजे एक खोली, बाकं आणि फळा. गौराकाकी प्रत्येक बाकावर बसून आली. फागूने फळ्याला हात लावून बघितला. मग सगळ्यांनी ओलीकडे बघितलं, कारण छताचा एक कोपरा गळत होता, आणि पाड्याच्या हिशेबाने जिथे पाणी येतं ती जागा वाईट नसते. प्राचार्यांनी घाईघाईने कबूल केलं की आपल्या अडचणींची मी जातीने दखल घेतो आणि येत्या शुक्रवारी आपल्या पाड्यावर प्रत्यक्ष पाहणीला येतो. ते असं प्रत्येक मोर्चाला सांगतात. गौराकाकीने ते नीट ऐकून ठेवलं.

मंगळवारी तीच जीप, त्र्यंबकचा घाट, आणि नाशिक. दुसरं कोटेशन. संदीप सरांनी पत्ता दिला होता, एमबीएची एक मोठी संस्था. काचेची इमारत. दार आपोआप उघडत होतं, तेव्हा आमच्यातले निम्मे लोक नुसते दार बघण्यात गुंतले. एक म्हातारा तर सात-आठदा आत-बाहेर करून आला. आत कोट घातलेल्या बाई होत्या. त्यांनी जिवाला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि दर वाक्याला सर म्हणाल्या. आता ह्या माणसाला कचेरीत साहेब नुसतं जिवा म्हणतो, घरी पुष्पा अहो म्हणते तेही रागाने, पाड्यावर जिव्या. काचेच्या इमारतीत त्याचा एकदम सर झाला. रंगीत पुस्तिका मिळाली. तिच्यात टाय बांधलेली पोरं विनाकारण हसत होती. रंजना काहीतरी विचारायला लागली, अकाउंटन्सीचे किती विषय आहेत म्हणून, तर बाई म्हणाल्या, ते सगळं होऊन जातं मॅडम, आधी नंबर द्या. बाकीच्या मंडळींनाही नंबर मागितले. सगळ्यांनी दिले. हे लक्षात ठेवायचं कारण नाही, त्या बाईंनी कोणाला विसरू दिलं नाही. त्या दिवसापासून पाड्यावर फोन सुरू झाले. पाड्यावर रेंज एकाच उंबराच्या झाडाखाली येते. तिथे गुरं वळणारी माणसं उभी राहिली की फोन यायचा, सर, आपण एमबीएची चौकशी केली होती. फागू एकदा तासभर बोलला. त्याला दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत होता.

तिसरं कोटेशन तिथेच नाशकात उरकलं. आमचा सोम्या ठाण्याला एका सीएकडे वॉचमन होता, त्यांचा भाचा तिथे सीए. सोम्याने वाटेत बजावलं होतं, "उधर जाके जास्ती बोलने का नय. सीए लोग को झोप नसते." खरंच, त्या तरुणाचे डोळे लाल होते आणि टेबलावरच्या चहावर साय धरली होती. रंजनाशी मात्र तो मनापासून बोलला. म्हणाला, हे करायचं तर कर, पण आधी पाया पक्का कर, एम.कॉम. करून आलीस तरी माझं दार उघडं आहे. गौराकाकीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आपल्या फडक्यातली नागलीची भाकर काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, खा रे पोरा. तो खाताना रडला असं मी म्हणणार नाही. पण चटणी तिखट होती, एवढं नक्की.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस काय करेल? एम.कॉम.चा अर्ज भरेल. जिवाने गुरुवारी रात्री जेवताना जाहीर केलं की सर्व बाबींचा विचार करता एमबीए योग्य वाटतं.

रंजना हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्हाला एमबीए आवडलं नाही. तुम्हाला सर म्हटलेलं आवडलं."

जिवा फार दुखावला. मुलीने खरं बोलावं म्हणून का तिला शिकवलं? पुष्पाने पातेलं जरा जोरात आपटलं. उद्या शुक्रवार होता.

आणि शुक्रवारी पहाटे दारात गौराकाकी उभी. रात्री पाऊस मनासारखा लागला होता, रोपं जून होत चालली होती, आवणी आजच्या आज उरकायची होती. तिने एकच वाक्य टाकलं, "जिव्या, सावड फेडायला चल." का म्हणायचं नाही, कधी म्हणायचं नाही. रंजनाने बापाकडे बघितलं, ओढणी कमरेला खोचली आणि जीपमध्ये जाऊन बसली. बाप छत्री शोधू लागला.

दुपारपर्यंत फागूच्या मोठ्या खाचरात निम्मी आवणी झाली. रंजना ओळीत होती. खाली वाकली की भात, वर बघितलं की शुक्रवार. आणि तेवढ्यात पायवाटेने कोण येतंय? कॉलेजचे प्राचार्य. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मागे कॉलेजचा क्लार्क, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप. आजवर इतक्या मोर्चांना शब्द दिला, पण ह्या मोर्चाने एकही घोषणा दिली नव्हती, त्यामुळे त्यांना चार रात्री झोप लागली नव्हती. ते प्रत्यक्ष पाहणीला आले होते.

गौराकाकीने त्यांना पाहणी करायला बांधावर उभं राहू दिलं नाही. तिच्या दृष्टीने विषय साधा होता. आम्ही तुमच्याकडे आलो, एक दिवस बसलो. आता तुम्ही आमच्याकडे आलात. तिने दोघांच्या हातात रोपांची एकेक मूठ दिली. प्राचार्य चिखलात उतरले. मंडळी, तो माणूस शेतकऱ्याच्या घरचा निघाला. थोड्या वेळाने तर तो ओव्या पण म्हणायला लागला.

गौराकाकी कंबर सरळ करून म्हणाली, एम.कॉम. आलं सावड फेडायला. बाकीची कुठंयत?

बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्या जिवाने ते ऐकलं. खरं सांगायचं तर तिथेच त्याला कळलं. पण कळणं वेगळं आणि फाइलवर येणं वेगळं. त्याने फोन काढायला खिशात हात घातला, तर फोन नाही. बांधावरून ये-जा करताना कुठेतरी चिखलात पडला होता. आणि कॉलेजचा क्लार्क इकडे रंजनाच्या सांगण्यावरून लॅपटॉप उघडून उंबराखाली बसलेला, अर्ज अर्धा भरलेला, आणि ओटीपी जाणार जिवाच्या नंबरवर. रंजनाने घाईत दिलेला नंबर बापाचाच होता.

अख्खी सावड खाचरात हात घालून फोन शोधू लागली. प्राचार्यसुद्धा. संध्याकाळ व्हायला आली. रंजना कोपरापर्यंत हात घालून चिखल चाचपत होती. आणि तेवढ्यात उंबराच्या अंगाला, जिथे बांधाला रेंज लागते, तिथे चिखल वाजला. होय, चिखल. खालून गाणं यायला लागलं. फागूने बुडी मारावी तसा हात घातला आणि फोन वर काढला. एमबीएच्या बाई होत्या. विचारत होत्या, सर, आजच कन्फर्म करूया ना?

जिवाने हात पुढे केला, पण फोन गौराकाकीने घेतला. ती शांतपणे म्हणाली, "बाय, आमी तुझ्याकडं आलू होतू. तू आवणीला कधी येतेस?"

पलीकडून फोन बंद झाला. त्या दिवसानंतर पाड्यावर त्या बाईंचा फोन आजतागायत आला नाही. पुढच्याच क्षणी ओटीपी आला, रंजनाने चिखलाच्या हाताने आकडे सांगितले, क्लार्कने दाबले आणि अर्ज गेला. एम.कॉम., अकाउंटन्सी. पोरगी बांधावर मटकन बसली आणि इतकी हसली की प्राचार्यांना वाटलं पडली.

पण खरी गोष्ट तर पुढेच आहे. आवणी अजून निम्मी राहिली होती, उजेड जात होता, माणसं थकलेली. तेव्हा आपल्या भाऊसाहेबांनी काय केलं? बूट काढले. छत्री फेकली. विजार वर खोचली आणि उतरले खाचरात. अहो, काय तो हात, काय ती ओळ, दोरी लावल्यासारखी! उरलेलं सगळं खाचर त्या एकट्या माणसाने मुलीच्या आनंदापायी…

"आजा, थांबा जरा."

मागच्या बाकावर बसलेल्या मुलीने तोंडावरची ओढणी सोडली. मांडीवर कॉलेजची नवी बॅग होती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला, मघापासून समाधानाने मान डोलावणारा चष्मेवाला गृहस्थ अचानक काचेवरच्या वायपरकडे निरखून बघू लागला.

"मोर्चा झाला, खरंय. प्राचार्य आले, खरंय. चिखल वाजला, तोही मी माझ्या कानांनी ऐकला. पण बाबांनी आवणी केली?" तिने चप्पल काढली आणि पाय सगळ्या जीपसमोर पुढे केला. बोटांच्या बेचक्यांमध्ये पांढरं औषध लावलेलं होतं. "मग ह्या चिखल्या कोणाच्या पायाला झाल्यात?"